दोन फुटांचा समुद्र, बडोद्याच्या उन्हात

स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत बुडतं आणि ओहोटीत वर येतं, ते बघायला बडोद्यातली माणसं कधी ना कधी कावी-कंबोईला जाऊन आलेली असतात. तिथलं पाणी आठवा. दूध जास्त पडलेल्या चहासारखं. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर प्रचंड, त्यात मही, साबरमती, नर्मदा, तापी अशा नद्यांचा गाळ. ते पाणी निवळायला वेळच मिळत नाही.

माझ्या भाच्यानं मला नेमकं तेच विचारलं, "मामा, कावीला जाऊन चार कॅन भरून आणूया का? समुद्राचं पाणी ते समुद्राचं पाणी!" त्याला घरात मरीन टँक लावायचाय. साधे गोल्डफिश नाहीत. खारं पाणी, कोरल म्हणजे जिवंत प्रवाळ, आणि क्लाउनफिश या माशांची जोडी. हातात यादी होती. पहिल्या नंबरला महागडा एलईडी लाइट, दुसऱ्याला वळणदार काचेचा टँक, मग स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र, मग मोबाइलवर चालणारा कंट्रोलर. पाणी कुठलं वापरणार, मे महिन्यात काय करणार, वीज गेली तर काय, यातलं यादीत काहीच नव्हतं. म्हटलं, ही यादी उलटी धर आणि खालून वाच.

समुद्राचा खरा गुण खारेपणा नाही, स्थिरपणा आहे. प्रवाळ जिथे वाढतात तिथे पाण्याचा खारटपणा हजारी ३५ च्या आसपास असतो. तापमान दिवसा-रात्रीत फारसं हलत नाही आणि पीएच ८.१ ते ८.३ च्या दरम्यान राहतो. तिथले जीव लाखो वर्षं अशा पाण्यात राहिलेत, त्यामुळे बदल सोसायची सवय त्यांना लागलेलीच नाही. आपण घरी आणतो ती सगळी यंत्रं एवढ्यासाठीच. कुठलं यंत्र आधी घ्यायचं याचा माझा निकष सोपा आहे: आपल्या गावात पाण्याचा तोल सगळ्यात आधी कशानं बिघडेल? बडोद्यात तो लाइटमुळे बिघडत नाही. तो उन्हानं, नळाच्या पाण्यानं आणि गेलेल्या विजेनं बिघडतो.

टँक केवढा?

नवख्याला वाटतं, लहान टँक म्हणजे सोपं काम. इथे उलटं आहे. टँकमधून रोज पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. समजा उन्हाळ्यात दिवसाला ३ लिटर पाणी उडालं. टँक १२० लिटरचा असेल तर खारटपणा ३५ वरून ३५.९ वर जातो. तेच ३ लिटर ३० लिटरच्या टँकमधून गेले, तर तो आकडा ३९ ला टेकतो. खरं तर लहान टँकमधून उडतंही कमी, पण गणिताचा रोख तोच राहतो. म्हणून टेबलावर ठेवायचा तो गोंडस 'नॅनो' टँक अनुभवी माणसानं घ्यावा. नवख्यानं २ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा साधा चौकोनी टँक बनवून घ्यावा. त्यात साधारण १२० लिटर पाणी मावतं.

पाणी, दगड, वाळू, काच आणि स्टँड धरून वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जातं. अपार्टमेंटच्या काँक्रीटच्या स्लॅबवर, भिंतीलगत ठेवलात तर काळजी नाही. पण दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या जुन्या घरात लाकडी तुळयांच्या माळ्यावर ठेवणार असाल, तर आधी जाणत्या मिस्त्रीला दाखवा. आणि खिडकीतल्या उन्हात तर अजिबात ठेवू नका.

पाणी: स्वयंपाकघरातला आरओ चालेल का?

नळाचं किंवा बोअरचं पाणी आपल्याला चालतं, कोरलला चालत नाही. त्यातलं क्लोरीन जीव मारतं. नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट शेवाळाला खतासारखे लागू पडतात. म्हणून आधी पाणी पार कोरं करायचं आणि मग आपल्या मापानं मीठ घालायचं.

"आरओ तर घरात आहेच" असं सगळेच म्हणतात, मीही म्हणालो होतो. पण पिण्याच्या आरओमध्ये चव राहावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा स्क्रू असतो, नाहीतर खनिजं सोडणारं कार्ट्रिज. माझ्या आरओच्या पाण्यात टीडीएस पेन, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा पेन, बुडवला तेव्हा आकडा आला ७० च्या वर. ते पाणी तीन महिने टँकमध्ये घालत होतो आणि दगडांवर तपकिरी लव का चढतेय म्हणून लाइटला शिव्या देत होतो. पाहिजे तो आकडा शून्य. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनची नळी जोडावी लागते. मेम्ब्रेनमधून निसटलेले क्षार ती शोषून घेते. कच्चं पाणी मिसळणारा मार्ग मात्र आधी बंद करायला हवा, नाहीतर रेझिन आठवड्यात संपतं. आरओ टाकून देतो ते पाणी बादलीत धरा, लादी पुसायला चालतं.

आपल्या घरांत हमखास होणारी एक चूक सांगतो. आजी म्हणेल, पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेव, शुद्ध राहतं. माणसांसाठी राहू दे. कोरल, कोळंबी, गोगलगाय यांच्यासाठी तांबं विष आहे, अगदी थोडंसुद्धा. पाणी खाद्यपदार्थांच्या दर्जाच्या प्लास्टिक ड्रममध्येच साठवा, आणि पितळी कॉक असलेला पाइप त्या पाण्यात नको.

आता मीठ. देशातलं बहुतेक मीठ गुजरातच्या मिठागरांतून येतं, तरी टँकसाठी आपल्याला पिशवीबंद 'सी-सॉल्ट मिक्स' विकत घ्यावं लागतं, हे ऐकून माझ्या वडिलांना हसू आवरेना. कारण मिठागरातच दिसतं. आगरात समुद्राचं पाणी आटायला लागलं की आधी जिप्सम खाली बसतं, म्हणजे कॅल्शियम तिथेच राहिलं. मग खायचं मीठ जमतं. शेवटी जे कडवट पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम असतं आणि ते सोडून दिलं जातं. आपल्या हाती येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. कोरलला कॅल्शियम (लिटरला साधारण ४२० मिलिग्रॅम), मॅग्नेशियम (१३०० च्या आसपास) आणि कार्बोनेट हे सगळं लागतं. खडं मीठ, सैंधव, आयोडीनचं मीठ, काहीच चालत नाही.

मीठ मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, प्रकाश पाण्यात किती वाकतो त्यावरून तो खारटपणा दाखवतो. काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर स्वस्त असतो आणि खोटं बोलतो. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटरबरोबर यंत्र बरोबर आहे का ते तपासायचं ३५ चं कॅलिब्रेशन द्रावणही मागून घ्या. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५ वर चुकू शकतं, आणि आपल्याला काम ३५ वरच करायचंय.

ऊन: पंखा, चिलर आणि जुलैची फसगत

या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बडोद्यात टँक मरतात ते इथेच.

पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायचंय. मे महिन्यात बाहेर ४२, घरात ३५. त्यात टँकमधला पंप जेवढे वॅट खातो तेवढी उष्णता शेवटी पाण्यातच सोडतो. ३० च्या वर पाणी टिकून राहिलं की कोरल पांढरं पडायला लागतं, कारण त्याच्या अंगात राहणारं आणि त्याला खाऊ घालणारं सूक्ष्म शेवाळ त्याला सोडून जातं.

स्वस्त उपाय म्हणजे पाण्यावर तिरका वारा सोडणारा छोटा पंखा. माठ थंड होतो तसंच. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्या उष्णतेत १०० लिटर पाणी पाच-सहा अंशांनी गार होऊ शकतं. कागदावरचं गणित आहे हे. प्रत्यक्षात खोलीतली गरम हवा सतत उष्णता परत देत राहते, म्हणून पंख्यानं दोन-तीन अंशांचा फरक पडतो.

पण वाऱ्यानं पाणी किती गार होऊ शकतं याला मर्यादा आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओला फडका गुंडाळून वारा घातला तर तो जो आकडा दाखवेल, त्याच्या खाली पंखा पाणी नेऊच शकत नाही. मेमध्ये हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर तो आकडा २४ च्या आसपास येतो, म्हणजे पंख्याला वाव आहे. जुलैमध्ये हवा ३१ अंशच, पण आर्द्रता ८० टक्के. तेव्हा तोच आकडा २८ होतो. पाऊस पडला, बरं वाटलं, म्हणून आपण सुस्कारा टाकतो आणि तेव्हाच टँकचं पाणी २९-३० वर अडकून बसतं. डेझर्ट कूलर पावसाळ्यात निकामी होतो ते हेच. माझं पहिलं लेदर कोरल, मऊ कोरलची एक जात, मी मेमध्ये नाही, जुलैत गमावलं.

म्हणून दोनच पर्याय खरे. ज्या खोलीत एसी रोज बरेच तास चालतो तिथे टँक ठेवा आणि पंखा जोडीला द्या. ते नसेल तर १/१० हॉर्सपॉवरचा चिलर घ्या, १२० लिटरला पुरतो. चिलर म्हणजे छोटा फ्रिजच. पाण्यातली उष्णता काढून मागच्या बाजूनं बाहेर फेकतो. मी तो दिसायला नको म्हणून कपाटात ठेवला आणि दार लावलं. आपलीच गरम हवा आत ओढत तो दिवसभर धापा टाकत राहिला, पाणी एक अंशानंही उतरलं नाही. दुकानातला भाई म्हणाला होता, "साहेब, बधा एम ज करे छे." सगळे तसंच करतात, मान्य, पण चिलरला चारही बाजूंनी मोकळी हवा लागते.

आणि हीटरही लागतो. जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा १२-१३ पर्यंत उतरतो. लिटरला साधारण एक वॅट धरा. हीटरच्या आतला थर्मोस्टॅट चिकटला तर तो बंदच होत नाही, आणि सकाळपर्यंत पाण्याचा रस्सा. म्हणून हीटर आणि चिलर दोन्ही एकाच बाहेरच्या तापमान-कंट्रोलरवर लावा. भाच्याच्या यादीतल्या मोबाइल-कंट्रोलरपेक्षा हा साधा डबा दसपटीनं उपयोगी आहे.

उडालेलं पाणी भरायला 'ऑटो टॉप-अप' घ्या: पातळी उतरली की सेन्सर छोटा पंप चालू करतो आणि कोरं पाणी, मीठ न घातलेलं, टँकमध्ये येतं. त्याचा साठा मुद्दाम लहान ठेवा, १० लिटरचा. सेन्सर अडकून सगळं पाणी एकदम गेलं तरी खारटपणा ३५ चा ३२ होईल. कोरल रुसेल, पण जगेल. ५० लिटरचा ड्रम जोडलात तर टँकही जाईल आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी बोलणंही बंद होईल.

वीज गेली की

एरवी आपल्याकडे वीज फारशी जात नाही, म्हणून कोणी विचार करत नाही. मग २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री पात्राबाहेर आली, मगरी रस्त्यावर दिसल्या आणि आमच्या सोसायटीची वीज दुसऱ्या दिवशीपर्यंत नव्हती. टँकमध्ये पंप थांबला की पाण्याचा वरचा थर हलत नाही, ऑक्सिजन विरघळत नाही. लाइट नसला तर कोरल दोन-तीन दिवस सहज काढतं. हवा नसेल तर मासे काही तासांतच वर येऊन तोंड उघडझाप करतात.

घरच्या इन्व्हर्टरवर फक्त एक फिरता पंप जोडा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. त्यातले निम्मे हाती येतात असं धरा. पंप १५ वॅटचा, इन्व्हर्टर स्वतः तेवढंच खाणार. तरी ३० तास निघतात. मात्र त्यावर घरातले पंखे आणि टीव्ही चालवायचे नाहीत, आणि हे घरच्यांना आधीच पटवून ठेवावं लागतं. त्या रात्री आमच्याकडे ते पटवून ठेवलेलं नव्हतं. चिलर आणि हीटर इन्व्हर्टरवर नकोतच. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप आणून ठेवा. यादीतली ही सगळ्यात स्वस्त वस्तू.

टँकखाली सम्प ठेवणार असाल, म्हणजे खालच्या दुसऱ्या टाकीत गाळणी आणि यंत्रं, तर वीज गेल्यावर वरचं किती पाणी खाली उतरतं ते पहिल्याच दिवशी स्विच बंद करून बघा. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवी. पहिल्या टँकला मी सम्पच्या फंदात पडू नका म्हणेन. मागे कप्पे असलेला टँक बनवून घ्या. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वीज वाहून नेतात. अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर टँक लावूच नका, आणि प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न जाता तिथेच गळेल.

दगड, आणि कायदा

टँकची खरी गाळणी दगडात असते. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. दगडाच्या छिद्रांत राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग त्यापेक्षा सौम्य असं नायट्रेट करतात. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा नाही.

दगड कुठून आणायचा? जामनगरजवळ १९८२ साली जाहीर झालेलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, देशातलं पहिलं. पिरोटन-नरारा बघून आलेले लोक खिशातून एखादा छिद्राछिद्रांचा तुकडा आणतात. तो दगड नसतो, प्रवाळाचा सांगाडा असतो. कठीण सांगाड्याचे सगळे प्रवाळ, सी-फॅन आणि समुद्रघोडे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, वाघाच्या रांगेत. मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही आणि दुकानातूनही घ्यायचा नाही. टँकसाठी सच्छिद्र सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे मुरवलेले दगड मिळतात, ते घ्या. जिवंत प्राण्यांसाठी बिल आणि आयातीचे कागद मागा. दुकानदार टाळाटाळ करू लागला की उठा. माझ्याकडे झोआ, मशरूम आणि लेदर असे मऊ कोरलच आहेत. क्लाउनफिश मात्र पैदास केलेलेच मागा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांची पैदास केव्हाच करून दाखवली आहे, त्यासाठी समुद्रातून मासे पकडून आणायची गरज नाही.

आता उरलेलं

प्रवाह हवा, पण एका दिशेचा फवारा नको. मऊ कोरलला टँकच्या पाण्याच्या वीसेक पट प्रवाह तासाला पुरतो, म्हणजे १२० लिटरला २४०० लिटरचा एक वेव्हमेकर, म्हणजे टँकमध्ये पाणी ढवळत ठेवणारा पंप. तो समोरच्या काचेवर आपटवा, पाणी फुटून सगळीकडे जातं.

स्किमरबद्दल लोक फार हिरिरीनं बोलतात. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी झाऱ्यानं काढतात ना, तेच तत्त्व. बारीक बुडबुड्यांना प्रथिनं चिकटतात आणि फेस होऊन वर कपात जमतात. उपयोगी यंत्र आहे, पण दोन मासे आणि थोडे कोरल असलेल्या टँकला दर आठवड्याला १२ लिटर पाणी बदललं की भागतं. पहिलं वर्ष स्किमरशिवाय काढा आणि तो पैसा चिलरला लावा.

आणि लाइट, यादीतला तो राजा. कोरलच्या अंगातलं शेवाळ प्रकाशावर जगतं. समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच विरतो, खोलवर जातो तो निळा. म्हणून रीफ लाइट, म्हणजे कोरलच्या टँकचे लाइट, निळसर असतात, ४२० ते ४७० नॅनोमीटरच्या पट्ट्यात जोर असलेले. प्रकाश वॅटमध्ये नाही, 'पार' या मापात विचारा, म्हणजे शेवाळाला वापरता येईल असा प्रकाश किती. मऊ कोरलला ५० ते १५० पार बास. भाच्यानं निवडलेला लाइट कठीण प्रवाळांसाठी होता, ३०० च्या वर जाणारा. जे कोरल आपल्याला ठेवायचंच नाही, त्याच्यासाठीचा लाइट! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मध्यम रीफ एलईडी, दिवसाला आठ तास, टायमरवर. पांढऱ्या ट्यूबसारख्या पट्ट्या मात्र नकोत. त्यांनी कोरलपेक्षा शेवाळच पोसलं जातं.

टेस्ट किट चार घ्या: अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटी (म्हणजे ढोबळमानानं पाण्यातलं कार्बोनेट). अल्कलिनिटी ८ डीकेएचच्या (किटवरचं माप) आसपास एकाच जागी राहिली तर बाकीच्या आकड्यांची मला फार चिंता वाटत नाही.

भाच्याचा टँक लागून तीन आठवडे झाले. आत फक्त पाणी, सिमेंटचे दगड आणि एक वेव्हमेकर. लाइटचा खोका मी उघडू दिलेला नाही, मासे-कोरल नसताना प्रकाश दिला की नुसतं शेवाळ येतं. रोज रात्री फोन करून तो अमोनियाचा आकडा सांगतो. काल ०.५ होता. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्याची आजी तो रिकामा टँक दाखवते आणि म्हणते, "मासे आहेत, पण अजून यायचेत."